दीड इंच

मृगाच्या आधी आणून दिलं होतं कापड
मथुराबाई सुरनरनं.
खाकी, सव्वा मीटर, कडेला गिरणीचा शिक्का,
पेपरात गुंडाळून वर सुतळी.
सोबत पोरगं, अंगद. पाचवीला.
टेप लावला की गुदगुल्यांनी वाकडं व्हायचं.
कंबर बावीस, उंची एकतीस.
वहीत लिहिलं. पुढं लिहिलं : सोमवार.
कुठला, ते नाही लिहिलं.

उदगिरात चौबाऱ्याच्या मागं माझं दुकान.
सकाळी शटर वर करतो,
आवाज कसा, कामाला लागलेल्या माणसासारखा.
मग झाडतो. मशीनला तेल पाजतो.
बॉबिन भरतो, भरलेल्या मोजतो.
खडूला टोक काढतो.
कात्रीला धार लावून आणतो,
येताना प्लेटभर सुशीला खातो, कारण धार लावून आणलीय.
समोरचा पानवाला म्हणतो,
लई राबता राव तुम्ही.

आळस लोळत नाही, बापहो.
माझा तर भल्या पहाटे उठतो,
अंघोळ करून देवाला फूल वाहतो
आणि एक सोडून सगळी कामं करतो.
आळशाला गंगा दूर म्हणतात.
मला कात्री दूर होती. वीतभर.

गफूर उस्ताद सांगायचे,
शिवण उसवता येते, काप उसवता येत नाही.
पुढं एकदा मी नवरदेवाच्या कोटाला
दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.
अख्ख्या लग्नात तो एक हात पाठीमागं धरून उभा.
तेव्हापासून कापड पसरलं की
माझ्या बोटांना आधी तो हात दिसतो.

हे मी स्वतःला सांगतो ते.
खरं तेवढंच नाही.
गोडही लागतं.
तीनच्या सुमाराला उन्हाचा पट्टा टेबलावर येतो,
आणि 'उद्या' हा शब्द
गुळाच्या खड्यासारखा गालात ठेवता येतो.
चावायचा नाही. नुसता ठेवायचा.

पंचमी झाली, पोळा झाला.
झालं का हो?
काज-बटण तेवढं राहिलंय, मथुराबाई.
सुतळीची गाठसुद्धा सुटली नव्हती.
ती 'बरं' म्हणून जायची.
भांडली असती तर
मला निदान तिचा राग आला असता.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पोरगं एकटंच आलं.
थोरल्याची पँट, खाली दुमडलेली.
म्हणालं, आई म्हणली, झालं नसलं तर कापड द्या माघारी.
मी वेळ काढायला टेप उचलला.
थांब, माप एकदा बघू.

साडेबत्तीस.

परत लावला. साडेबत्तीस.
आणि ह्या वेळी त्याला गुदगुल्या झाल्या नाहीत.
सरळ उभं होतं, मोठ्या माणसासारखं,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत.

मी बॉबिन मोजत होतो तेव्हा
हे दीड इंच कुठंतरी शिवलं जात होतं,
भाकरीवर, वरणावर, रात्रीच्या झोपेत,
एक दिवस खाडा नाही.

बस म्हणलं स्टुलावर.
सुतळी सोडली. तोडली नाही, सोडली.
खडूनं रेघ ओढली, पुसली, ओढली.
मधेच उठून पाणी प्यालो, खोटं कशाला बोलू.
मग कात्री घातली.

काही झालं नाही.
एवढंच झालं, की काही झालं नाही.
कापड कापड कापल्यासारखं कापलं गेलं
आणि रस्त्यावरून एक टमटम गेली.

दिवेलागणीला पँट झाली.
खालच्या दुमडीत चार बोटं जास्त सोडलीत,
पोरगं थांबणार नाही म्हणून.
पैसे घेतले नाहीत.
त्यानं 'बरं' म्हणलं, आईसारखंच,
पण पळत गेलं.

फळीवर अजून अकरा गठुडी आहेत.
त्यातलं एक ब्लाऊजपीस गेल्या दसऱ्याचं;
ती बाई बोलत नाही आता, रस्ता बदलते.
तिचं काय करायचं मला माहीत नाही.

आज सकाळी शटर वर केलं,
केरसुणी हातात घेतली
आणि होती तिथं ठेवली.
या, बसा. खाली बघू नका.
दुकान झाडलेलं नाही.